बीपी नॉर्मल, तरी आईला बीपीची गोळी का?

डिचोलीची_लेक:
आई ५६ची, शुगर बारा वर्षं, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. घाटी चढताना धाप लागते म्हणून इको केला तर हार्ट थोडं कडक झालंय असं आलं, अँजिओ मात्र क्लीन, एकही ब्लॉक नाही. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन लिहून दिली आणि बीपी तर १२६/७८!! विचारलं तर म्हणाले हार्मोनमुळे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होतो तो कमी करायला, आणि तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. शेजारची काकी म्हणते व्हिटॅमिन ई दे, तेच अँटिऑक्सिडंट. पाळी गेल्यामुळे झालं का हे? हार्मोनची गोळी मागू का?

लॅबवालो:
हार्मोन म्हटलं की आपल्याला पाळीच आठवते, पण डॉक्टर बहुतेक अँजिओटेन्सिन २ बद्दल बोलले असतील, तोही हार्मोनच. शिरा आवळतो म्हणून त्याचं नाव बीपीशी जोडलं गेलं, पण हृदयाच्या पेशीत तो एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम चालू करतो आणि ते सुपरऑक्साइड, म्हणजे पेशींना इजा करणारा ऑक्सिजनचा तापट प्रकार, तयार करत बसतं; तो साचला की तोच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. शुगर जास्त राहिली की मायटोकॉन्ड्रियातूनही, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांतूनही, तेच निघतं, वर इन्सुलिन नीट लागू पडत नाही म्हणून हृदय साखर सोडून जास्त फॅटवर चालतं आणि त्याला ऑक्सिजनही जास्त लागतो. हे वर्षानुवर्षं चाललं की हृदयाच्या स्नायूत मधे चिवट तंतू वाढतात, हृदय पटकन सैल पडत नाही, म्हणून धाप. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनची बसायची जागाच अडवते. ब्लॉक नसतानाही डायबेटिसने हृदय बिघडतं हे रुबलर आणि सहकाऱ्यांनी १९७२मध्येच चार पेशंटवरून मांडलं होतं.

फोंडेकर_८८:
व्हिटॅमिन ईचं ऐकून हसू आलं, माझ्या बाबांनाही कोणीतरी तेच सांगितलेलं. होप नावाची मोठी ट्रायल होती, निकाल २०००मध्ये आले, त्यात व्हिटॅमिन ई रोज ४०० युनिट देऊन हृदयाला काही फायदा झाला नाही, आणि त्याच ट्रायलमध्ये रामिप्रिलने, म्हणजे अँजिओटेन्सिन बनूच न देणाऱ्या गोळीने, हार्ट अटॅक कमी झाले, डायबेटिसवाल्यांतही. म्हणजे कौल फुटलंय आणि आपण खाली बालदी ठेवतोय, पावसाळा कसा जायचा! (रामिप्रिलचा फायदा फक्त ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळेच झाला असं मात्र मी म्हणणार नाही.)

म्हापशाची_माई:
पाळीचा भाग अगदीच खोटा नाही गो. इस्ट्रोजेन, म्हणजे पाळीचं हार्मोन, शिरांना सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड वाढवतं, म्हणून पाळी असेपर्यंत बायकांना थोडं संरक्षण असतं, पण डायबेटिस ते संरक्षण बरंचसं खाऊन टाकतो. तरी हार्मोनची गोळी हृदयासाठी मागू नकोस. अमेरिकेत १६ हजारांवर बायकांवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची ट्रायल २००२मध्ये मधेच थांबवली, हार्ट अटॅक कमी व्हायचे सोडून थोडे वाढलेच. गरम वाफा येत असतील तर तो वेगळा विषय, गायनॅकला विचार.

लॅबवालो:
लघवीत प्रोटीन आहे का बघ, ती शुगरने किडनीला त्रास होत असल्याची खूण असू शकते आणि टेल्मिसार्टन द्यायचं तेही कारण असतं. आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), पोटॅशियम डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्या, या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं. शहाळ्यातही पोटॅशियम असतं, आई रोज पीत असेल तर डॉक्टरांना सांग.

डिचोलीची_लेक:
अगो बाई, रोज पिते! आमचेच माड आहेत. आणि रिपोर्ट शोधला, प्रोटीन आहे खरंच, त्यावर कोणी एक शब्द बोललं नव्हतं. शहाळं आजपासून बंद, सोमवारी डॉक्टरांना फोन. आता काकीला काय सांगू, तिने व्हिटॅमिन ईचा अख्खा डबा आणून ठेवलाय.