युरोपातला वसंत: कुठलं शहर, कुठल्या आठवड्यात? (अनुभव धागा)

पिंपळपान
काल संध्याकाळी शेजारच्या अंगणातलं पपनस फुललेलं दिसलं आणि त्या वासासरशी स्पेनमधल्या सेव्हिलच्या गल्ल्या डोळ्यांपुढे आल्या. तिथे रस्त्यांच्या दुतर्फा कडू संत्र्यांची झाडं आहेत. मार्चमध्ये ती फुलतात आणि ऊन उतरलं की जुनं गाव वासाने भरून जातं. वास ओळखीचा वाटतो त्याला कारण आहे: कडू संत्रं हा पपनस आणि मॅन्डरिन संत्रं यांचा संकर. झाडावरचं फळ तोडून खाऊ नका, जीभ कडू होते. ते मार्मालेडच्या कामाचं.

सेव्हिलची तारीख ठरवण्याआधी ईस्टर कधी आहे ते बघा. ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे सेमाना सांता. रोज दुपारपासून रात्री उशिरापर्यंत मिरवणुका असतात, रस्ते तासन्‌तास बंद आणि हॉटेलं महाग. हॉटेल जुन्या गावात असेल तर सकाळीच पोचा, नाहीतर बॅगा ओढत गर्दीपलीकडे अडकाल. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी फेरिया, म्हणजे तिथली जत्रा. तिथले बहुतेक तंबू खाजगी असतात, ओळखीशिवाय आत सोडत नाहीत, सार्वजनिक तंबू कुठे आहेत ते आधी शोधून ठेवा. हे दोन्ही टाळून फक्त फुलं हवी असतील तर मार्चचा मधला पंधरवडा. अल्काझार राजवाड्याचं तिकीट ऑनलाइन, वेळेसकट.

तुम्हाला माहीत असलेली शहरं लिहा. तीन-चार दिवसांची. पंधरा दिवसांत दहा देश नकोत.

टिपकागद
नेदरलँड्सचं लिहिते, कारण दरवर्षी लोक चुकीच्या आठवड्यात येतात आणि हिरमुसतात.

क्युकेनहॉफ ही ट्युलिपची मोठी बाग ॲमस्टरडॅममध्ये नाही, लिसे गावात आहे. वर्षातून फक्त आठेक आठवडे उघडं. २०२६ मध्ये १९ मार्च ते १० मे, म्हणजे पाडव्याच्याच दिवशी सुरुवात! पण पाडव्याला ट्युलिपचे ताटवे बघायला येऊ नका. तेव्हा बाहेर क्रोकस आणि डॅफोडिल असतात, ट्युलिप काचघरात. मग हायसिंथ. बाहेरचे ट्युलिप साधारण एप्रिलच्या मध्यापासून पुढे, थंडी किती लांबली त्यावर आठवडाभर मागेपुढे. बागेत सत्तर लाखांच्या आसपास कंद लावतात, तेही एकाच जागी थरावर थर, म्हणजे एक फूल सरलं की खालचं वर येतं.

रंगांचे लांबलचक पट्टे फोटोत दिसतात ते बागेत नाहीत, बाहेरच्या शेतांत आहेत. शेतकऱ्याला फूल नको असतं, कंद हवा असतो. म्हणून फूल उमललं की यंत्राने मुंडकी उडवतात, सगळी ताकद कंदात उतरावी म्हणून. काल रंगीत दिसलेलं शेत आज हिरवंगार! एप्रिलअखेरीस गेलात तर बाग भरलेली आणि शेतं रिकामी असं होऊ शकतं. दोन्ही हवं असेल तर १५ ते २५ एप्रिलच्या दरम्यान या. प्रवेशद्वाराजवळ सायकली भाड्याने मिळतात. फोटोसाठी शेतात शिरू नका, बुटांना लागलेल्या मातीतून कंदांचे रोग पसरतात.

तिकीट वेळेचं असतं. स्किपोल विमानतळ किंवा लायडनहून बस धरा, बस आणि बाग असं एकत्र तिकीट मिळतं. सकाळी ८ ला आत, किंवा ४ नंतर. ११ ते ३ नको. बाग ७:३० पर्यंत उघडी असते आणि तेव्हा उजेडही भरपूर असतो.

डोंबिवलीकर
मस्त माहिती. लोकलमध्ये वाचतोय, घरी जाऊन परत वाचणार.

रानवाट
@टिपकागद, २७ एप्रिलचं राहिलं की. राजाचा वाढदिवस. ॲमस्टरडॅमच्या मध्यभागी ट्राम बंद, रस्ते केशरी, हॉटेलं दुप्पट. तो सोहळाच बघायचा असेल तर जरूर या, पण संग्रहालयं बघायला तो दिवस नाही. २७ ला रविवार आला तर २६ ला साजरा होतो.

ॲन फ्रँक हाऊस या ॲमस्टरडॅममधल्या संग्रहालयाची तिकिटं फक्त ऑनलाइन. दर मंगळवारी तिथल्या सकाळी १० वाजता सहा आठवड्यांनंतरची तिकिटं सुटतात. भारतातून काढताना फसगत इथे होते: मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात. त्याआधी १० म्हणजे आपले दुपारचे २:३०, त्यानंतर १:३०. एप्रिलअखेरचं तिकीट मार्चच्या मध्यावर काढायचं असतं, म्हणजे २:३०. पाच मिनिटं आधी पान उघडून बसा.

चाफा
ट्युलिपचे कंद पुण्यात लागतात का? आईसाठी आणायचेत. विषयांतराबद्दल क्षमस्व.

बॉनकर
जर्मनीतलं बॉन कुणी घेतच नाही, म्हणून लिहितो. जुन्या वस्तीतल्या हेअरश्ट्रासेवर दोन्ही बाजूंच्या चेरी वर एकमेकींना भिडतात आणि गुलाबी बोगदा होतो. दुहेरी पाकळ्यांची जात आहे, ती उशिरा फुलते, साधारण एप्रिलच्या मध्यावर. बहर दहा-बारा दिवस, मध्ये वादळी पाऊस आला तर त्याहून कमी. त्यामुळे परत न मिळणारं विमान तिकीट फक्त या फुलांसाठी काढू नका. कलोनला मुक्काम ठेवा, ट्रेनने अर्ध्या तासात बॉन. फुललं की जायचं. सकाळी ८ च्या आत, तेही कामाच्या दिवशी. लोकांची राहती घरं आहेत, पायऱ्यांवर बसून फोटो काढू नयेत.

आणखी एक. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, हे बहुतेकांना माहीत असतं. पण गुड फ्रायडेलाही बंद आणि ईस्टर मंडेलाही. शुक्रवार ते सोमवार या चार दिवसांत वाणसामान मिळण्याचा एकच दिवस, शनिवार, आणि त्या दिवशी रांगा. गुरुवारीच दूध, ब्रेड, फळं घेऊन ठेवा. अडलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं उघडी असतात.

खारीक
शाकाहारी माणसाने या दिवसांत तिथे काय खावं? सासरे येणार आहेत बरोबर, अंडंही चालत नाही.

बॉनकर
@खारीक, एप्रिल ते २४ जून पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा हंगाम. पाटीवर 'श्पार्गेल' लिहिलेलं दिसेल. बटाटे आणि वितळलेलं लोणी घेऊन मागवा. दोन गोष्टी सांगायच्या: हॅम नको, आणि हॉलंडेज सॉस नको, त्यात अंड्याचा बलक असतो. घरी करणार असाल तर साल देठापर्यंत जाड काढा, नाहीतर दोरे लागतात. मीठ, चिमूटभर साखर घातलेल्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं.

खारीक
शतावरी! सासऱ्यांना हे औषध म्हणून माहीत आहे, जेवण म्हणून सांगते आता 😊

बॉनकर
त्याच कुळातली, पण प्रजाती वेगळी. आपल्याकडे औषधाला मुळं घेतात, इथे कोवळे कोंब.

सोनसळी
पॅरिस. चेरीसाठी आयफेल टॉवरखाली गर्दी करण्यापेक्षा पार्क द सो ला जा. आरईआर ही तिथली लोकल ट्रेन, तिची बी लाईन, ला क्रॉ द बेर्नी स्टेशन, पुढे चालत. तिथे चेरीच्या दोन राया आहेत, एक पांढरी, एक गुलाबी. पांढरी सहसा आधी फुलते, गुलाबी एप्रिलच्या मध्यावर. शनिवार-रविवारी सतरंज्या अंथरायला जागा नसते, मंगळवारी जा. लूव्र मंगळवारी बंदच असतं, तो दिवस असा सत्कारणी लागतो. ऑर्से संग्रहालय सोमवारी बंद.
१ मे ला लूव्र बंद. त्या दिवशी रस्तोरस्ती छोट्या पांढऱ्या घंटांसारख्या फुलांच्या जुड्या विकतात, म्युगे. एकमेकांना शुभेच्छा म्हणून देतात. फुलं देखणी आहेत पण विषारी, लहान मूल बरोबर असेल तर तोंडात जाऊ देऊ नका.

डोंबिवलीकर
घरी आलो, वाचलं. पण व्हिसाची अपॉइंटमेंटच मिळत नाहीये, एप्रिलचा बेत आता बोंबलतोय असं दिसतंय.

रानवाट
अरेरे. @डोंबिवलीकर, रोज वेगवेगळ्या वेळी बघत राहा, रद्द झालेल्या जागा मधूनच उघडतात. पुढच्या वेळेसाठी: प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. म्हणजे एप्रिलसाठी ऑक्टोबर. ज्या देशात जास्त रात्री त्याच देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट मिळते म्हणून तिथला अर्ज करून ठेवू नका, हॉटेलच्या तारखांवरून लगेच कळतं. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) आणि सगळ्या दिवसांचा, परतीचा दिवस धरून. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही.

पिंपळपान
मे-जूनपर्यंत ढकलता आलं तर लिस्बन बघा. मे अखेरीस तिथे नीलमोहोर फुलतो, रस्तेच्या रस्ते जांभळे.

डोंबिवलीकर
लिस्बन! हे डोक्यातच नव्हतं. आभार.

सोनसळी
रोममध्ये मे सोडू नका. अव्हेंटाइन टेकडीवर पालिकेची गुलाबबाग आहे, एप्रिलअखेर ते जून एवढीच उघडते, तिकीट नाही. आधी तिथे ज्यूंची दफनभूमी होती, म्हणून पायवाटा मेनोराच्या, म्हणजे ज्यूंच्या सात फांद्यांच्या दीपवृक्षाच्या आकारात आखल्यात. वरच्या बाजूने बघितलं की आकार दिसतो. १ मे ला इटलीतही सुट्टी, २५ एप्रिललाही.

व्हेनिसला सकाळी जाऊन संध्याकाळी परतणार असाल तर वसंतातल्या ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क आहे. आधी भरलं तर ५ युरो, अगदी शेवटच्या दिवसांत १०. वेळ ८:३० ते ४. तिथे मुक्काम असेल तर शुल्क नाही, पण सूट मिळाल्याची नोंद ऑनलाइन करून कोड जवळ ठेवावा लागतो. हे बरेच जण विसरतात.

मधुमालती
एप्रिलमध्ये बर्च झाडांचे परागकण उडतात. शिंका, डोळे चुरचुरणं, लोक सर्दी समजून बसतात. ज्यांना धुळीची ॲलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळ्या इथूनच न्याव्यात. आणि एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर. ॲमस्टरडॅमला एप्रिलमध्ये दुपारी १३-१४, पहाटे ४-५. वाऱ्यात छत्री उलटते, टोपीचं जर्किन बरं.

चाफा
कंद??

टिपकागद
@चाफा, सॉरी, पोळ्या चालल्या होत्या. वसंतात तिथल्या फूलबाजारातून कंद घेऊ नका, लावायचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर असतो. शिवाय भारतात झाडं, कंद आणायला आयात परवाना आणि तिथलं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. पुण्यात भारतीय रोपवाटिकेतून घ्या. कंदाला १२ ते १४ आठवडे थंडी मिळाल्याशिवाय फुलाचा दांडा वर येत नाही, म्हणून कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये, ४ ते ७ अंशांवर. डिसेंबरमध्ये कुंडीत लावा, सकाळचं ऊन, दुपारी सावली. दुसऱ्या वर्षी तोच कंद फुलण्याची आशा धरू नका.

चाफा
फ्रिज चालेल! आईचा भाजीचा कप्पा रिकामा करते.

टिपकागद
त्या कप्प्यात सफरचंदं, केळी काही ठेवू नका. फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने आतली कळी कंदातच मरते आणि नुसती पानं येतात.