खेळ सुटल्यावर माइक: रग्बीपटूंची दुसरी कारकीर्द आपल्या पोरांच्या कामाची आहे का?

क्रीडाशिक्षक, दिग्रस:

शालेय स्पर्धांच्या यादीत रग्बी आल्यापासून आमच्याकडची पोरं तोही खेळ खेळतात. कबड्डीनं खांदे तयार झालेले असतात, त्यामुळे समोरच्याला कमरेखाली धरून पाडणं त्यांना लवकर जमतं. आईबापांचा प्रश्न मात्र कबड्डीच्या वेळी होता तोच आहे. तिशीत खेळ सुटला की पोरगा काय करणार? नोकरी हे उत्तर सगळेच देतात. मी दुसरं उत्तर मांडतो आहे: माइकवरून सामना समजावून सांगण्याचं काम. पटलं नाही तर जरूर खोडून काढा.

वेल्सच्या जोनाथन डेव्हिसची कारकीर्द बघा. त्रिमसारन या खाणकामगारांच्या गावातला मुलगा, जन्म १९६२ चा, चौदा वर्षांचा असताना वडील गेले. पुढं वेल्सचा फ्लाय-हाफ, म्हणजे डाव रचणारा खेळाडू, झाला. १९८८ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांना हरवून ट्रिपल क्राऊन जिंकणाऱ्या संघात तो होता. त्याच वर्षी डिसेंबरात तो कर्णधार असताना वेल्स आपल्याच कार्डिफमध्ये रोमानियाकडून हरला, फार टीका झाली आणि १९८९ च्या जानेवारीत तो विडनेस या रग्बी लीगच्या क्लबकडे निघून गेला. रग्बीचे युनियन आणि लीग असे दोन वेगळे प्रकार आहेत; डेव्हिस तोवर युनियन खेळत होता. तेव्हा रग्बी युनियनमध्ये पैसे घेऊन खेळायला बंदी होती. लीगमध्ये गेलेल्याला युनियनचं मैदान कायमचं बंद व्हायचं. २६ ऑगस्ट १९९५ ला पॅरिसच्या बैठकीत ही बंदी उठली, युनियन व्यावसायिक झाली, आणि त्याच वर्षी डेव्हिस कार्डिफकडून खेळायला परत आला. खेळ थांबवल्यावर तो बीबीसीवर सामने समजावून सांगू लागला, युनियनचे आणि लीगचेही. वेल्श भाषेतल्या वाहिनीवरही त्याचा आवाज घरोघरी ओळखीचा झाला.

हे नुसतं नशीब नाही. दोन्ही खेळ आतून खेळलेला माणूस बचावाची फळी कुठं फाटणार हे चेंडू तिथं पोचायच्या आधी सांगतो. आणि आपल्या गावच्या माणसांना कळेल अशा भाषेत सांगतो. आपल्याकडं पिकं निघाली की गावोगाव कबड्डीचे सामने सुरू होतात. २०१४ पासून प्रो कबड्डी आहे, २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बीचीही सहा संघांची लीग झाली. सामने वाढतील तसे त्यावर बोलणारेही लागतील. निवृत्त खेळाडूला माइकचं काम रीतसर शिकवा, त्याचं मानधन ठरवा आणि सुरुवात आपल्या गावच्या मंडपातून करा, एवढं माझं म्हणणं आहे.

भरतीवाला, आर्णी:

सर, तुमचा मान ठेवून बोलून रायलो. डेव्हिसची गोठ चांगली हाये, पन थो देशाचा कप्तान होता. तुमच्याच वेल्सचा सॅम वॉरबर्टन घ्या. २०१८ च्या जुलैत, २९ व्या वर्षी, शरीर साथ देईना म्हनून त्यानं खेळ सोडला अन् मंग टीव्हीवर आला. पन त्याच्या अगुदर २०१३ अन् २०१७ ले थो लायन्सचा, म्हंजे ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूयच्या संघाचा, कप्तान होता. अशा मानसाले खुर्ची भेटते. त्याच्यासंग मैदानात चौदा जन असत अन् आठ जन बाकावर, त्याईतल्या कितीकायले माइक भेटला?

म्या रोज सकाळी पोट्ट्यायले ग्राउंडवर पळवतो. त्याईले सरकारी नोकरीत खेळाडूचं पाच टक्के आरक्षन हाये. त्याच्यासाठी प्रमानपत्र विभागीय उपसंचालकाकून पडताळून आनाव लागते, अन् तिथंच गाडी अडकते. स्पर्धा मान्यतेची हाये का नाई, हे पोट्ट्याले खेळाच्या आधी कोनीच सांगत नाई. चांगले चांगले खेळनारे कागदापायी मांगं रायले. मास्तरनं पयले हे शिकवाव. कास्तकाराच्या पोराले दोन एकर वावर अन् टीव्हीवरच्या चार खुर्च्या दाखवल्या तर थो वावरबी सोडते अन् खुर्चीबी भेटत नाई.

माजी डावा कोपरा, मोर्शी:

भरतीवाले भाऊ, प्रमाणपत्राचं अगदी खरं आहे. पण सरांचा मुद्दा टीव्हीच्या खुर्चीपुरता नाही.

मी कोपऱ्यात खेळलो. रेडर आला की त्याच्या पुढच्या पायाचा अंगठा कुठं वळतो ते मी बघायचो, बोनसला येतो आहे की कव्हरवर हात टाकायला, हे तिथं कळायचं. त्यावर घोट्याची पकड ठरायची. बाजूच्या कव्हरनं साखळी वेळेत आवळली नाही तर पकड माझी चुकली असं दिसायचं. आमच्या सामन्यांत माइकवरून इतकंच ऐकू यायचं की अमुक गावच्या दादाची जबरदस्त रेड, आणि मग देणगीदारांची नावं. बघणारे वर्षानुवर्षं येतात आणि अर्धा खेळ न बघताच जातात, कारण दाखवून देणारं कुणी नसतं.

रग्बीत तर हे जास्तच लागतं. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी घालून भिडतात. रेफ्री शिट्टी मारतो, आणि स्क्रम कुणी पाडला हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. इंग्लंडचा ब्रायन मूर तिथंच मधोमध, हूकर म्हणून, ६४ कसोट्या खेळला. बीबीसीवर तो स्क्रमबद्दल बोलायचा तेव्हा आत काय चाललं असेल ते समजायचं. ही माहिती नुसत्या मोठ्या आवाजाच्या माणसाकडं असूच शकत नाही.

भरतीवाला, आर्णी:

भाऊ, तुमी मूरचं नाव काढलं म्हनून सांगतो. थो वकील होता. पैसे नव्हते त्या जमान्यात खेळला, पन हातात सनद होती. माइक नसता भेटला तरी त्याची चूल बंद पडत नव्हती. म्याबी हेच म्हनतो. आधी पोटाचं पक्कं करा, मंग माइक धरा.

मंडपातला माइक, चिमूर:

मी शंकरपटाचं (बैलांच्या शर्यतीचं) आणि कबड्डीचं निवेदन करतो. तरुण होतो तेव्हापासून हेच करत आलो, म्हणून मनापासून लिहितो आहे.

देणगीदारांची नावं घेतो म्हणून कोपऱ्यावाल्या भाऊंनी टोमणा दिला. ती नावं घेतली नाहीत तर पुढच्या वर्षी मॅटचं भाडं कोण देणार? रात्री दोन वाजता, थंडीत, उपांत्य सामन्याला दोन हजार माणूस बसवून ठेवायचा असतो. दोन गावांत बाचाबाची झाली तर माइकवरूनच ती थंड करावी लागते. कुणाचं पोरगं हरवलं, कुणाला विंचू चावला, तेही आम्हीच सांगतो. हे काम खेळून येत नाही.

दुसरी गोष्ट खेळाडूंच्या निःपक्षपातीपणाची. आमच्याकडं एका सामन्यात माजी खेळाडूच्या हाती माइक दिला होता. त्याच्या जुन्या संघाविरुद्ध पंचानं गुण दिला आणि यानं माइकवरून पंचालाच झापलं. खुर्च्या उडायच्या बाकी होत्या. खेळाडूचं मन त्याच्या जर्सीतून निघत नाही. मला कोणताच संघ नाही, ही माझी कमाई आहे.

रेडर, तिवसा:

काका, तुमचं काम मोठं आहे आणि ते कुणी हिरावून घेऊ नये. पण तुमच्या मंडपात मुलींचा सामना दुपारी बारा वाजता लावतात, तेव्हा माइक बंद असतो. आम्ही खेळतो आणि नाव कुणाचंच पुकारलं जात नाही.

मॅगी अल्फोन्सी इंग्लंडची रग्बीपटू, फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेला खेळणारी. पाऊल वाकडं घेऊन जन्मली, पुढं ७४ सामने देशासाठी खेळली आणि २०१४ चा महिला विश्वचषक जिंकला. त्याच्या पुढच्याच वर्षी ती ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर पुरुषांच्या विश्वचषकाचं विश्लेषण करत होती. बाईला पुरुषांच्या रग्बीतलं काय कळतं, हे तिनंही ऐकलं असणार. आम्ही ते रोज ऐकतो. टॅकल करताना, म्हणजे समोरच्याला धरून पाडताना, खांदा कुठं लागला, पाय किती जवळ नेला, हे पुरुषांसाठी वेगळं आणि बायकांसाठी वेगळं नसतं.

माझ्या गावात मुलगी मैदानावर पाठवायची की नाही, हे घरचे ठरवतात. त्यांनी माइकवर एखादी खेळलेली बाई बोलताना ऐकली, तिला मान मिळताना बघितला, तर त्यांचा विचार बदलतो. यासाठी तरी मी सरांच्या बाजूनं आहे. नोकरीची तयारी मीही करते, भरतीवाले दादा. दोन्ही करता येतं.

वसतिगृहातला, आरमोरी:

मान मिळतो म्हणता, पण नुसती खुर्ची मिळाल्यानं तो मिळत नाही. दक्षिण आफ्रिकेचा रग्बीपटू ॲश्विन विलेम्से २००३ मध्ये त्यांच्या देशाचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू होता, २००७ च्या विश्वविजेत्या संघात होता. मे २०१८ मध्ये सुपरस्पोर्ट या क्रीडावाहिनीच्या थेट कार्यक्रमातून तो उठून निघून गेला. बाजूला माजी खेळाडू नास बोथा आणि माजी प्रशिक्षक निक मॅलेट होते. आपल्याला कमी लेखलं जातं, खेळत होतो तेव्हाही गोरेतर खेळाडूंच्या कोट्यातला म्हणून शिक्का होता, असं तो प्रेक्षकांसमोर बोलला. नंतर चौकशी झाली, तिच्यात वंशभेद झाल्याचं आढळलं नाही. काहीही असो, विश्वविजेत्या माणसाला असं वाटावं, ही लहान बाब नाही.

आमच्या जंगलपट्ट्यातली गोंड-माडिया पोरं शहरात दोन वाक्यं बोलली की लोक हसतात. मैदानावर त्यांना कोणी हात लावू शकत नाही, माइकवर मात्र शुद्ध भाषा पाहिजे म्हणतात. सरांनी वेल्श भाषेचं सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पण तिथं त्या भाषेची स्वतंत्र वाहिनी १९८२ पासून आहे. आपल्याकडं माडियात किंवा झाडीबोलीत सामना सांगणाऱ्याला कोणती समिती बोलावणार? आधी याचं उत्तर द्या.

आरोग्यसेविका, धारणी:

तुम्ही सगळे खेळ सुटल्यानंतरचं बोलता आहात. मला खेळ चालू असतानाचं बोलायचं आहे.

इंग्लंडनं २००३ चा रग्बी विश्वचषक जिंकला तेव्हा स्टीव्ह थॉम्पसन हूकर होता. २०२० च्या डिसेंबरात त्यानं जाहीर केलं की आपल्याला कमी वयातच स्मृतिभ्रंश झाला आहे आणि तो विश्वचषक जिंकल्याचंही आठवत नाही. तेव्हा तो चाळिशीत नुकता शिरला होता. त्याच्यासोबत इतरही माजी खेळाडू पुढं आले. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या हादऱ्यांमुळे हे झालं असं त्यांचं म्हणणं आहे, कोर्टात दावेही गेले. ज्याची आठवणच गेली त्याच्या हातात माइक कसला देणार?

आमच्या उपकेंद्रात डोक्याला लागलेलं पोरगं आलं तर सीटी स्कॅन नाही, रुग्णवाहिका घाट उतरून जाणार. घरचे म्हणतात, थोडी चक्कर आहे, बरं होईल. आणि दुसऱ्या दिवशी ते पोरगं परत मैदानावर असतं. मला रग्बी नको असं नाही. पण सर, तुमच्या मैदानावर डोक्याला लागलं तर काय करता, हे इथं सगळ्यांसमोर सांगा.

क्रीडाशिक्षक, दिग्रस:

ताई, सांगतो. डोक्याला लागल्याची शंका आली की पोरगा बाहेर. त्या दिवशी परत आत नाही, मग अंतिम सामना असो की काही. जागतिक रग्बी संघटनेचाही नियम हाच आहे, शंका पुरेशी असते, खात्री लागत नाही. लहान गटाला मी टॅकलच करू देत नाही, कमरेची पट्टी ओढायची रग्बी खेळवतो. घरी निरोप मी स्वतः जाऊन देतो, कारण पोरं घरी सांगत नाहीत. आणि माइकचा इथंही संबंध आहे. कोण लडखडतो आहे, कोण चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहिला, हे खेळलेल्या माणसाला प्रेक्षकांच्या आधी दिसतं. त्यानं माइकवरून "सामना थांबवा" म्हटलं तर पंचही ऐकतो. आपल्या मंडपात आज "उठ वाघा" असं ओरडतात. ते थांबलंच पाहिजे.

चिमूरचे काका, तुमचा माइक काढून घ्या असं मी म्हणत नाही. रग्बीच्या प्रक्षेपणात दोन माणसं असतात. एक निवेदक काय घडलं ते सांगतो, गर्दी धरून ठेवतो. बाजूचा माजी खेळाडू मधल्या श्वासात ते का घडलं ते सांगतो. बीबीसीवर एडी बटलरच्या बाजूला मूर आणि डेव्हिस असेच बसायचे. तुम्ही बटलरच्या जागी बसा. तुमच्या शेजारी मोर्शीचे भाऊ बसतील, मुलींच्या सामन्याला तिवशाच्या ताई बसतील. पंचाच्या निर्णयावर बोलायचं नाही ही अट पहिल्या दिवशी घाला.

आरमोरीच्या भाऊंना उत्तर देणं बाकी आहे. समिती बोलावणार नाही, हे खरं. पण शाळेच्या मैदानावर मला कोणत्या समितीला विचारावं लागत नाही. कोलामी बोलणारी पोरं माझ्या संघात आहेत. पुढच्या आंतरशालेय सामन्यात त्यांच्यातला एक जण त्याच्या भाषेत बोलेल, त्याच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, माणसं बघायला येतात त्यांच्यासाठी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी जगाला दाखवली. त्याच अमरावतीत शारीरिक शिक्षण शिकणाऱ्या मुलांना सामना सांगण्याचंही शिक्षण मिळावं, ही मागणी मी लेखी करणार आहे. सह्या करायच्या असतील त्यांनी कळवा.

मंडपातला माइक, चिमूर:

दोघं बसायचं मला मान्य आहे, पंचावर न बोलण्याची अट लेखी असेल तर. मुलींचा सामना दुपारी असला तरी माइक चालू राहील, ती जबाबदारी माझी. पण गर्दी भडकली तर माइक माझ्याच हाती राहील. त्या वेळी शेजाऱ्यानं गप्प बसायचं.

वसतिगृहातला, आरमोरी:

सर, कोलामीत बोलणाऱ्या पोराचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. दुसऱ्या शाळांना दाखवायला लागेल. माझी सही धरा.

भरतीवाला, आर्णी:

सहीले माझी ना नाई. पन दोन मानसं बसवनार त दोघायचं मानधन लागन. आमच्या गावात निवेदकाले सामने संपल्यावर, पैसे उरले त देतात. खेळाडूले त नारळ अन् दुपट्टा देऊन मोकळे होतात. तुमच्या मागनीत लिहा का मानधन सामन्याच्या आधी ठरन, अन् पत्रिकेत छापल्या जाईन. हे नाई लिहिलं त माझी सही नाई.