‘वेळ नोंदवला’ की ‘वेळ नोंदवली’?

प्रश्न :

स्पीडरनिंगवर, म्हणजे व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या चढाओढीवर, मराठीत एक लेख लिहितो आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलो आहे. वाक्य असं : ‘एप्रिल २०२१ मध्ये निफ्टस्की या नावाने खेळणाऱ्या खेळाडूने सुपर मारिओ ब्रदर्स पूर्ण करताना ४ मिनिटे ५४.९४८ सेकंदांचा वेळ नोंदवला आणि ४:५५ च्या आत येणारा तो पहिला ठरला.’

मित्राने वाचून ‘नोंदवली’ केलं. मी पुन्हा ‘नोंदवला’ केलं. तो म्हणतो, धावण्याच्या शर्यतींच्या बातम्यांत कायम ‘वेळ नोंदवली’ असतं. माझं म्हणणं, वेळ लागतो, वेळ जातो, वेळ वाचतो. मग नोंदवतानाच त्याची ती कशी झाली?

जाता जाता आणखी एक. ‘विक्रम’ हा शब्द एकाच परिच्छेदात चारदा आला आहे. दोन ठिकाणी ‘उच्चांक’ घातला तर चालेल का?

प्रतिसाद :

मराठीत ‘वेळ’ पुल्लिंगी असेल तर अवधी, स्त्रीलिंगी असेल तर घटका, प्रसंग, नेमका क्षण. ‘माझा वेळ गेला’ म्हणजे तास-दोन तास फुकट गेले; ‘माझी वेळ गेली’ म्हणजे संधी हुकली. निघायला वेळ लागतो, पण निघायची वेळ होते. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ यात ‘वेळ आला नव्हता’ करून पाहा, म्हणच मोडते.

या हिशेबाने तुमचं वाक्य अवधीबद्दल आहे, म्हणून ‘नोंदवला’ व्याकरणात चोख बसतं. बातम्यांतली ‘वेळ नोंदवली’ बहुधा घड्याळाकडे बघून आली असावी : घड्याळ थांबलं तेव्हा त्यावर जी दिसली ती वेळ. तसा तोही अवधीच, पण क्रीडापानांवर हे रूप इतकं रुळलं आहे की मी त्याला चूक म्हणणार नाही. फक्त एका लेखात दोन्ही नको.

प्रतिसाद :

एका लेखात दोन्ही हवेत! मी स्वतः अशा खेळांच्या विक्रमांचे व्हिडिओ तपासायला मदत करतो (हौशी काम, पगार शून्य, शिव्या भरपूर). आमच्याकडचे निम्मे वाद म्हणजे तो वेळ आणि ती वेळ यांचंच भांडण असतं. तो वेळ किती, हे मोजण्याआधी दोन वेळा ठरवाव्या लागतात : घड्याळ सुरू करायची आणि थांबवायची.

मारिओचंच घ्या. ८-४ या शेवटच्या पातळीत मारिओने कुऱ्हाडीला हात लावला की घड्याळ थांबतं. पुढे तो चालत जाऊन राजकन्येला भेटतो, ते मोजत नाहीत, कारण तिथे खेळाडूच्या हातात काहीच उरलेलं नसतं. इथे वाद नाही. पण दुसऱ्या एखाद्या गेममध्ये शेवटचा घाव बसल्यावरही संवादाच्या दोन चौकटी बटण दाबून पुढे ढकलाव्या लागत असतील, तर शेवट कुठला? घावाचा की शेवटच्या बटणाचा? यावर महिनामहिना भांडलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता खरी गंमत. मारिओच्या या मूळ गेममध्ये पातळी संपली की पुढची लगेच सुरू होत नाही. पुढे जायचं का, हे गेम दर २१ फ्रेमना एकदाच तपासतो. फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारं एक चित्र; सेकंदाला अशी साधारण ६०, म्हणजे सुमारे ०.३५ सेकंदाचा एक टप्पा. याला फ्रेमरूल म्हणतात. समजावून सांगताना सगळे बसची उपमा देतात : बस ठरल्या वेळीच सुटणार, तुम्ही थांब्यावर पळत या की रमत. त्यामुळे एखाद्या पातळीत दहा फ्रेम वाचवूनही शेवटच्या आकड्यात काहीच फरक पडत नाही, असं सर्रास होतं. फक्त ८-४ मध्ये पुढे बस नाही, घड्याळ कुऱ्हाडीपाशीच थांबतं, म्हणून तिथे एकेक फ्रेम जमेस धरली जाते.

हे इंग्रजीत सांगताना परिच्छेद खर्ची पडतो. मराठीत एक ओळ पुरे : त्याचा वेळ वाचला, पण वेळ गाठली नाही.

प्रश्नकर्ता :

ती ओळ मी चोरणार आहे. आता एवढं बोललातच तर ‘रिअल टाइम’ आणि ‘इन-गेम टाइम’ यांना काय म्हणायचं? ‘वास्तव वेळ’ लिहिलं होतं, पण मग खेळातला वेळ अवास्तव असल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद :

हिशेबाच्या वह्यांतून उचला : ढोबळ आणि निव्वळ. ढोबळ नफा, निव्वळ नफा म्हणतो तसं. बाहेरच्या घड्याळावर पहिल्यापासून शेवटपर्यंत जेवढा भरतो तो ढोबळ वेळ. त्यातून लोडिंगचे पडदे वजा केले की निव्वळ वेळ. लोडिंग वजा करायचं कारणही सरळ आहे. ज्याचं यंत्र जलद तो जिंकणार असेल, तर ती चढाओढ खेळाडूंची न राहता यंत्रांची होते.

प्रतिसाद :

‘निव्वळ’ झकास. ‘ढोबळ’ला मात्र माझा विरोध. हिशेबाबाहेर ढोबळ म्हणजे अंदाजे. जो आकडा व्हिडिओची फ्रेम अन् फ्रेम सरकवून काढला, त्याला ढोबळ म्हटलं तर तो काढणारा जीव देईल. ‘घड्याळी वेळ’ म्हणा. (जपानीत तर या अख्ख्या छंदाचंच नाव आरटीए, म्हणजे रिअल टाइम अटॅक, कुठला वेळ मोजायचा ते नावातच आलं.)

आणि ‘खेळातला वेळ’ म्हणजे ‘निव्वळ वेळ’ नव्हे, ही गल्लत करू नका. निव्वळ वेळात काय वजा करायचं ते माणसं ठरवतात. खेळातला वेळ गेम स्वतः मोजतो, त्याच्या लहरीने. सुपर मेट्रॉइड या गेमचं आतलं घड्याळ दारातून जाताना आणि खेळ थांबवलेला असताना चालतच नाही. मग ज्याला आतला आकडा कमी हवा तो एका तऱ्हेने खेळतो, घड्याळी वेळ कमी हवा तो दुसऱ्या. खेळ एक, डाव निराळे.

गोल्डनआय ००७ या नेमबाजीच्या गेमची तऱ्हा आणखी वेगळी. पातळीच्या शेवटी तो पूर्ण सेकंदच दाखवतो. आणि दृश्यात गर्दी झाली की गेम मंदावतो, पण सेकंद काही मंदावत नाहीत, म्हणून मुरलेले खेळाडू जमिनीकडे बघत धावतात. चितारायला कमी उरलं की गेम हलका होतो. डॅम या पातळीचा ५३ सेकंदांचा विक्रम कितीतरी वर्षं अनेकांच्या नावावर एकदमच होता, २०१७ मध्ये कार्ल जॉब्स्टने ५२ केले तेव्हा कुठे तो सुटला. अशा वाटून घेतलेल्या विक्रमाला ‘सामायिक विक्रम’ म्हणावं. सातबाऱ्यावरच्या सामायिक क्षेत्रासारखाच तो कोणालाच धड आपला वाटत नाही.

प्रतिसाद :

‘उच्चांक’ राहूनच गेला. इथे तो अजिबात नको. उच्च अधिक अंक, म्हणजे मोठा आकडा. स्पीडरनमध्ये आकडा जितका लहान तितकं कौतुक. मग ‘नीचांक’ म्हणणार का? तो तापमान आणि शेअर बाजार यांनी इतका बदनाम केला आहे की ‘त्याने नवा नीचांक गाठला’ म्हटल्यावर वाचकाला त्या माणसाची दया येईल.

‘विक्रम’ला मात्र दिशा नाही. मुळात त्यात क्रम् धातू आहे, पाऊल टाकणे. तीन पावलांत सगळं व्यापणारा तो त्रिविक्रम. पावलं वाचवण्यातच ज्यांचा जन्म गेला त्यांच्यासाठी यापेक्षा चपखल शब्द नाही. चारदा आला तर येऊ द्या.

प्रश्नकर्ता :

मान्य. पण मग ‘विक्रम मोडीत काढला’ चालेल?

प्रतिसाद :

चालतं, पण मला ते कायम खटकतं. मोडीत काढतात ती निकामी भांडी. मागे टाकलेला विक्रम निकामी थोडाच होतो? तो आपल्या काळी खराच होता. ‘मोडला’ पुरेसं आहे.

‘मोडीत’ राखून ठेवायचं ते टॉड रॉजर्ससारख्या प्रकरणासाठी. ड्रॅगस्टर हा अटारी २६०० या जुन्या गेमयंत्रावरचा १९८० चा गेम. त्यातला ५.५१ सेकंदांचा त्यांचा विक्रम १९८२ पासून नोंदीत होता. पुढे ऑम्निगेमर या नावाने खेळणाऱ्या अभ्यासकाने गेमचा प्रोग्रॅमच उलगडून दाखवलं की ५.५७ च्या खाली जाताच येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये ट्विन गॅलक्सीज या गेमच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने ती नोंद काढून टाकली. हा विक्रम कोणी मोडला नाही, तो अक्षरशः मोडीत निघाला.

प्रतिसाद :

‘ग्लिच’ला, म्हणजे गेममधल्या चुकीचा फायदा घेण्याला, लेखात ‘लबाडी’ लिहू नका, एवढी विनंती. भिंतीतून आरपार जाणारा खेळाडू गेमला फसवतो, पण स्पर्धकांना नाही. ती वाट सगळ्यांना खुली असते आणि कुठल्या प्रकारात चालेल ते आधीच लिहिलेलं असतं. तिला ‘चोरवाट’ म्हणा. रडीचा डाव वेगळा : गेमच्या फाइलमध्ये ढवळाढवळ करायची, किंवा दोन डावांचे तुकडे जोडून एक म्हणून दाखवायचे.

याच ओघात ‘एनी पर्सेंट’चं ‘किमान टक्के’ही करू नका. कितीही टक्के गोळा झाले तरी शेवट गाठला की झालं, असा तो प्रकार. कमीत कमी वस्तू घेऊन संपवणं हा ‘लो पर्सेंट’ स्वतंत्र आहे आणि बरेचदा जास्त वेळ खातो.

प्रश्नकर्ता :

वाक्य आता असं केलं आहे : ‘एप्रिल २०२१ मध्ये निफ्टस्कीने ४ मिनिटे ५४.९४८ सेकंदांत कुऱ्हाड गाठली.’ नोंदवला नाही, नोंदवली नाही. मित्राला दाखवलं. तो म्हणतो, ‘घड्याळ कधी सुरू केलं ते नाही लिहिलंस.’