यूबिक्विटिन जोडले की प्रथिनाचा नाश होतो, मग त्यानेच दाहाचा संदेश पुढे कसा जातो?

प्रश्न – पेशीजिज्ञासू
यूबिक्विटिन हे छोटे प्रथिन ज्याला जोडले जाते, ते प्रथिन प्रोटिएसोममध्ये (प्रथिने तोडणाऱ्या पेशीतील यंत्रणेत) जाऊन तोडले जाते, असे आम्हांला पदवीच्या वर्गात शिकवले. या शोधाला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. मात्र प्रतिकारसंस्थेच्या प्रकरणात ट्राफ-६ हे विकर (एन्झाइम) यूबिक्विटिन जोडते आणि त्यामुळे दाहाचा संदेश पुढे सरकतो, असे वाचले. या दोन विधानांचा मेळ कसा घालावा?

उत्तर – विकरवेध
यूबिक्विटिन एकच आहे, फरक साखळीच्या जोडणीत आहे. ७६ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल सात ठिकाणी असते आणि त्यांपैकी कोणत्या लायसीनवर पुढचे यूबिक्विटिन जोडले जाते, यावर साखळीचा आकार आणि ती ओळखणारी प्रथिने ठरतात. ४८व्या लायसीनवरून वाढलेली साखळी सहसा प्रोटिएसोमकडे नेते. जंतू ओळखणाऱ्या टोल-सदृश ग्राहीला जिवाणूचा अंश सापडल्यावर ट्राफ-६ जी साखळी बांधते ती ६३व्या लायसीनवरची असते. टॅब-२ हे प्रथिन तिला धरते, आणि त्याच्यासोबत आलेले टॅक-१ हे कायनेज (फॉस्फेट बसवणारे विकर) तेथे सक्रिय होऊन आयकेके या पुढच्या कायनेजला कामाला लावते.

खरी गंमत यानंतर आहे. आयकेके हे आयकप्पाबी-अल्फा या प्रथिनाच्या ३२व्या आणि ३६व्या स्थानावरील सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवते, ती खूण पाहून दुसरेच विकर त्याला ४८ची साखळी लावते, आणि काही मिनिटांत ते नष्ट झाले की आतापर्यंत त्याने अडवून धरलेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून दाहाची जनुके चालू करते. म्हणजे एकाच मार्गात आधी न तोडणारी आणि मग तोडणारी साखळी लागते. पाठ्यपुस्तके या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत टाकतात, म्हणून हा घोटाळा होतो, असे माझे मत आहे.

पेशीजिज्ञासू
आभारी आहे. मग हा संदेश थांबवतो कोण?

उत्तर – संकेतमार्ग
साखळ्या कापणारी विकरे असतात, पण ए-२० या सर्वांत प्रसिद्ध रोधकाचे काम केवळ कापण्याचे नाही. ते संदेशमार्गातील रिप-१ या प्रथिनावरची ६३ची साखळी काढून ४८ची लावते, असे २००४ मध्ये दाखवले गेले आणि ते चित्र सर्वत्र छापले जाते. मात्र ए-२० ची फक्त कापण्याची क्षमता काढून घेतलेले उंदीर बरेचसे निरोगी राहिले, तर संपूर्ण ए-२० नसलेले उंदीर सर्वांगीण दाहाने लहानपणीच मरतात. यूबिक्विटिनच्या सरळ साखळ्यांना (लायसीनऐवजी पहिल्या अमिनो आम्लावरून वाढलेल्या) घट्ट धरून ठेवणे हेही त्याचे महत्त्वाचे काम आहे, असे आता मानले जाते. माणसात ए-२० च्या जनुकाची एक प्रत सदोष असली तरी लहान वयापासून तोंडात वारंवार व्रण आणि ताप येऊ शकतो.

उत्तर – रक्तपरीक्षक
दवाखान्यातला एक दाखला जोडतो. २०२० मध्ये वर्णिलेल्या व्हेक्सास या आजारात यूबिक्विटिनला पहिल्या टप्प्यावर सक्रिय करणाऱ्या यूबीए-१ या विकराच्या जनुकात, जन्मानंतर, रक्ताच्या मूळपेशींत उत्परिवर्तन होते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने रुग्ण बहुतेक पन्नाशीपुढचे पुरुष असतात. यूबिक्विटिन जोडण्याची क्रियाच मंदावते, तरीही दाह वाढतो. अशा वयाच्या पुरुषाला वारंवार ताप, कानाच्या कूर्चेची सूज आणि मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशींचा पंडुरोग एकत्र दिसला, तर या जनुकाची तपासणी रक्तातूनच करून घ्यावी.