मदत हवी आहे: जोखीम नोंदवहीत चालू वाहतुकीचा धोका तळाला जातो

खडीकरण:
नमस्कार. महामार्ग रुंदीकरणाच्या कामाची जोखीम नोंदवही (धोक्यांची गुणांनुसार लावलेली यादी) तयार करीत आहे. शक्यता आणि परिणाम यांना 1 ते 5 गुण देऊन गुणाकार केला, तर गरम डांबराने भाजणे 12 गुणांवर (4 × 3) आणि भरधाव वाहन कामाच्या जागेत घुसणे अवघ्या 5 गुणांवर (1 × 5) येते. हे पटत नाही. नोंदवही उद्या सादर करायची असल्याने गुण कसे दुरुस्त करावेत, एवढेच कृपया सांगावे.

मैलाचा_दगड:
रस्ता चालू ठेवून काम आहे की वाहतूक वळवली आहे? रात्रपाळी आहे का? कामगार आणि चालू मार्गिका यांच्यामध्ये काँक्रीटचे बॅरियर (अडथळे) आहेत की नुसते कोन (वाहतुकीचे शंकू)? हे कळल्याशिवाय शक्यतेचा 1 कशाच्या आधारे दिला, हे तपासता येणार नाही.

आलेख:
एफएमईए (काय, कसे बिघडू शकते आणि त्याचा परिणाम काय, हे तपासण्याची) पद्धत वापरा. तिच्यात धोका वेळेत लक्षात येतो की नाही, याचेही गुण असतात. वाहन घुसण्याची पूर्वसूचना जवळपास मिळत नसल्याने ती नोंद आपोआप वर जाईल.

सावध_पाऊल:
कंत्राटदाराकडे आयएसओ 45001 (2018) हे कामाच्या जागी सुरक्षा व आरोग्य व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र आहे का, ते आधी पाहावे.

खडीकरण:
प्रमाणपत्र आहे, पण माझा प्रश्न तो नाही. एक मार्गिका चालू आहे, काम रात्रीचे आहे, कोन लावले आहेत आणि वेगमर्यादा ताशी 80 किमीवरून 40 केल्याचे फलक आहेत.

मैलाचा_दगड:
मग शक्यता 1 नव्हे. फलक लावला म्हणजे वेग उतरला असे धरू नका, प्रत्यक्ष वेग मोजा. 40 ऐवजी 80 च्या वेगाने आलेल्या वाहनाची गतिज ऊर्जा चौपट असते आणि कोन दिशा दाखवतो, वाहन अडवत नाही. आलेख यांच्याशी मी सहमत नाही, कारण हे गुण केवळ क्रम दाखवतात आणि तिसरा आकडा गुणल्याने मृत्यू व किरकोळ जखम यांतील अंतर काही परत येत नाही. त्यापेक्षा परिणाम 5 असलेली प्रत्येक नोंद, गुणाकार काहीही येवो, वरच्या गटात ठेवावी.

आलेख:
असे केल्यास निम्मी नोंदवही वरच्या गटात जाईल.

मैलाचा_दगड:
जाऊ द्या, महामार्गावर जीवघेण्या गोष्टी असतातच. उलट ‘वाहन घुसणे’ ही एक नोंद फोडा: रिव्हर्स घेणारा डंपर, फ्लॅगमनची (झेंडा दाखवून वाहने थांबवणाऱ्याची) जागा, कोन मांडणे आणि उचलणे. कोन उचलणाऱ्याची पाठ येणाऱ्या वाहनांकडे राहू नये. उपायांत आधी वाहतूक वळवणे, ते न जमल्यास बॅरियर, मग पुरेसा लांब टेपर (वाहनांना हळूहळू बाजूला वळवणारी कोनांची तिरपी रांग) आणि त्यापुढे पूर्ण रिकामा बफर (कामाच्या जागेआधीची मोकळी जागा). तिथे रोलर उभा केला की तो बफर राहत नाही. परावर्तक जाकीट सर्वांत शेवटी.

खडीकरण:
बॅरियर लावल्यास काम करायला जागा उरत नाही.

मैलाचा_दगड:
तात्पुरता बॅरियर धडकेने सरकतो, म्हणून त्याच्यामागेही मोकळी जागा लागते. तेवढी रुंदी नसेल, तर त्या टप्प्यापुरती मार्गिका बंद करण्याची मागणी नोंदवहीतच लिहावी.