अनुभव धागा: ल मॉर्न ब्राबां, मॉरिशस

मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेल्या भूशिरावर ल मॉर्न ब्राबां हा ५५६ मीटरचा कातळ उभा आहे. आकडा ऐकून सह्याद्रीवाले हसतात. पण इथे पायथा जवळपास समुद्रसपाटीलाच आहे, आधीच उंचावर असलेलं पायथ्याचं गाव आयतं मिळत नाही. वाट, पायथा आणि आसपासचा भाग नीट ठाऊक असलेल्यांनी लिहावं. हॉटेलांची परीक्षणं नकोत.

कातळवेडा
जाऊन-येऊन साधारण ७ किलोमीटर, वेळ ३ ते ४ तास. फाटकावर नोंद करायची, प्रवेशाला पैसे नाहीत. फाटक सकाळी ७ च्या सुमारास उघडतं आणि दुपारी ४ पर्यंत खाली यावं लागतं. तरी आदल्या दिवशी खात्री करा, पाऊस असला तर वरचा भाग बंद ठेवतात.

पहिले अडीच किलोमीटर गाडीरस्त्याएवढी रुंद, झाडीतली वाट. इथेच लोक फसतात. 'हा कसला ट्रेक' म्हणत अर्धं पाणी संपवतात, आणि पुढे माहितीफलकांच्या सपाटीनंतर वाट एकदम अंगावर येते. शेवटचा किलोमीटरभर हात-पाय दोन्ही लागतात. कातळात खोबणी भरपूर आहेत, दोर लागत नाही, पण दोन-तीन टप्प्यांवर दरी उघडी आहे. वाट संपते तिथे लोखंडी क्रूस आहे. ते ५५६ मीटरचं शिखर नव्हे. खरा माथा मधल्या खाचेपलीकडे आहे आणि तिकडे जायला परवानगी नाही. कोणी 'टॉपला गेलो' म्हणालं तर क्रूसापर्यंत असं समजायचं.

घसारा
वरच्यात भर. चढण्यापेक्षा उतरणं अवघड, आणि अपघात तिथेच होतात. कातळावर सुटी माती आणि बारीक खडी असते, पाय घसरतो तो त्यावर. अवघड टप्प्यावर तोंड कातळाकडे करून, तीन आधार पक्के ठेवून चौथा हलवायचा. बसून घसरत उतरणाऱ्यांची पँट आणि आत्मविश्वास दोन्ही फाटतात.

बूट खोल नक्षीच्या तळव्याचे हवेत, चप्पल-सँडल नकोच. पाणी माणशी २ लिटर, वाटेवर कुठेच भरता येत नाही. बागकामाचे पातळ हातमोजे उपयोगी, कारण ९ नंतर दगड तापतो. मनगटात अडकवायची काठी वरच्या भागात अडचणच करते, खाली ठेवा. आधल्या रात्री पाऊस झाला असेल तर सरळ बेत बदला. बेसाल्ट आपल्याकडचाच (आपला साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, मॉरिशसचा ऐंशी-नव्वद लाखांचा), ओला झाला की तोच साबण.

वारेपत्रक
मे ते नोव्हेंबर उत्तम. जानेवारी ते मार्च वादळांचे महिने, शिवाय दमटपणा. हिवाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, आग्नेय व्यापारी वारे जोरात असतात. काइटसर्फिंगवाले (पतंगाला बांधून फळीवरून लाटांवर घसरणारे) त्यासाठीच येतात, पण उघड्या धारेवर हाच वारा तोल घालवतो. टोपीला दोरी हवी. आणीबाणीत रुग्णवाहिकेचा क्रमांक ११४, पोलीस ९९९.

कातळवेडा
वाटाड्याबद्दल: वाट चुकण्यासारखी नाही, म्हणून सवय असलेल्यांना गरज नाही. उंचीची भीती असेल किंवा मुलं बरोबर असतील तर घ्या. पाय कुठे ठेवायचा हे सांगणारा माणूस त्या एका किलोमीटरात सोन्याचा.

घसारा
इथे मी सहमत नाही. वाटाड्या फक्त पाय ठेवायला नसतो. ही जागा काय आहे हे तोच सांगतो.

पाथरवट
हो, ते राहूनच गेलं. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला पळून आलेले गुलाम याच कड्यांत, गुहांत दडून राहत. २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती या स्मृतीसाठी. १८३५ मध्ये सुटकेची बातमी सांगायला आलेले शिपाई पाहून, आपल्याला धरायलाच आले असं समजून काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी लोककथा आहे. तिला कागदाचा आधार सापडत नाही, पण बेटावर ती जिवंत आहे. गुलामगिरी संपल्याची आठवण म्हणून १ फेब्रुवारीला तिथे सुट्टी असते. गुलाम मादागास्कर, मोझांबिकबरोबर भारतातूनही आणले होते, हे आपण सहसा विसरतो. कोकणातून गेलेले मराठी मजूर मात्र त्यानंतरचे, गुलामगिरी संपल्यावर करारावर मजूर नेले जात त्या काळातले, त्यांची गोष्ट वेगळी.

कड्यांच्या फटींत लाल घंटेसारखं फूल दिसलं तर हात लावू नका. ट्रोकेशिया बुटोनियाना, स्थानिक नाव 'बुक्ल दोरेय' म्हणजे कानातलं. १९९२ पासून राष्ट्रीय फूल, आणि जंगली रूपात फक्त याच डोंगरावर.

सुरूबन
पायथ्याचं: सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूची झाडं आणि सावली आहे, उतरल्यावर आधी तिकडे जा. पोवळ्यांच्या भिंतीआतलं पाणी शांत असतं. 'वन आय' नावाच्या लाटेच्या बाजूला मात्र पोहायला जाऊ नका, भिंतीतल्या खिंडीतून ओढ बाहेर खेचते. पाण्यात रबरी बूट घाला, समुद्री साळू आणि दगडमासा दोन्ही आहेत.

फोटोंत दिसणारा 'पाण्याखालचा धबधबा' शोधत फिरू नये. ती वाळू-गाळ खोल उतारावर वाहून जाताना झालेली दृष्टीची फसवणूक आहे आणि ती हेलिकॉप्टर किंवा विमानातूनच दिसते.

खाणं ला गोलेत गावात. धोल पुरी घ्या: हरभऱ्याच्या डाळीचं पुरण, पण तिखटामिठाचं, दोन-दोनच्या जोडीने मिळते. दुपार उरली तर शामारेलला सातरंगी माती. तिथून पुढे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान, त्यात बेटाचं सर्वात उंच शिखर, ८२८ मीटर. त्याच दिवशी तेही उरकायचा बेत कोणी करू नये.