कार्लयोसेफ शाटनर जुन्या इमारतीत नवं काम वेगळं का दाखवायचा?

नकाशावाली:
सेकंड इयरला आहे, सेमिनारसाठी कार्लयोसेफ शाटनर हा जर्मन आर्किटेक्ट घेतलाय. बव्हेरियातल्या आइश्टेट नावाच्या छोट्या गावात त्याने जवळजवळ सगळं आयुष्य काम केलं. फोटो बघतेय तर बरोक काळातली (17-18 व्या शतकातली भपकेदार युरोपियन शैली) जाड भिंत आणि तिच्याशेजारी सरळ स्टील, काँक्रीट, काच, आणि दोन्हीच्या मधे फट सोडलेली. जुन्यासारखंच करून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं ना, मग मुद्दाम वेगळं का? आणि एकाच गावात एवढं काम मिळालं कसं?

ओळंबा:
दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. तो मूळचा तिथला नाहीच, जन्म 1924 चा, माग्डेबुर्गजवळच्या गोमर्नचा. पण 1957 ते 1991 तो आइश्टेटच्या कॅथलिक धर्मप्रांताचा अधिकृत आर्किटेक्ट होता, म्हणजे बिशपच्या ताब्यातल्या इमारतींचं काम त्याच्याकडेच, आणि तिथे कॅथलिक युनिव्हर्सिटी वाढत गेली तशी तिला जागा लागत होती आणि गावात जुने वाडे पडून होते. एवढी वर्षं एकच मालक, एकच गाव आणि हाताशी ओळखीचे कारागीर, हे कुठल्या आर्किटेक्टला मिळतं सांग! त्याच्या डिटेलमधली सफाई मला तरी त्यातूनच आलेली वाटते.

गावाचा इतिहास पण घे. 1634 मध्ये तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने गाव जाळलं, मग याकोब एंगेल आणि गाब्रिएल दे गाब्रिएली या बाहेरून आलेल्या आर्किटेक्टांनी ते बरोक शैलीत परत उभं केलं. म्हणजे आज जे 'जुनं' वाटतं ते पण एकेकाळी बाहेरच्यांनी आणलेलं नवंच होतं.

विटांचा_ढीग:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला म्युनिकला जावं लागेल. शाटनर तिथे शिकला आणि त्याचा एक गुरू हान्स ड्योलगास्ट. म्युनिकचं आल्टे पिनाकोथेक हे लिओ फॉन क्लेन्झेने बांधलेलं, 1836 ला उघडलेलं म्युझियम, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने त्याला मधोमध मोठं भगदाड पडलं, पाडूनच टाका म्हणणारे पण होते. ड्योलगास्टने 1950 च्या दशकात ते भगदाड ढिगाऱ्यातल्या जुन्या विटांनी भरलं, खिडक्यांची लय तीच ठेवली पण नक्षी केली नाही, प्लास्टर पण नाही. आजही समोर उभं राहिलं की जखम कुठून कुठपर्यंत होती ते सरळ दिसतं. इमारतीवर जे गुदरलं ते लपवायचं नाही, हे शाटनरने तिथूनच घेतलं असं मला ठामपणे वाटतं. इटलीचा आर्किटेक्ट कार्लो स्कार्पा याचा प्रभाव पण आहेच, जॉइंटवरचं, म्हणजे दोन गोष्टी जिथे जुळतात त्या जागेवरचं प्रेम तिथलं.

अंगणातली_खुर्ची:
मी आइश्टेटला जाऊन आलेय गं, तिथलं उल्मर होफ नक्की घे. जुना वाडा आहे, 1978 ते 80 मध्ये त्याची लायब्ररी केली. त्याने अंगणावरच छप्पर घातलंय, त्यामुळे तू वाचायला बसतेस ते पूर्वीच्या उघड्या अंगणात आणि आजूबाजूच्या कमानी या खरं तर बाहेरच्या भिंती. मी तासभर पुस्तक न उघडता नुसती वर बघत बसले होते, जुनं दगडी काम कुठे संपतं आणि बारीक स्टील कुठे सुरू होतं ते बोट ठेवून दाखवता येतं.

दुसरं म्हणजे जुनं अनाथालय. मुळात ती दोन वेगळी घरं होती, 18 व्या शतकात माउरिझिओ पेडेट्टी या आर्किटेक्टने एका दर्शनी भिंतीमागे जोडलेली. शाटनरकडे आलं तेव्हा पार मोडकळीला आलेलं. 80 च्या दशकात काम करताना त्याने ती दोन घरं परत वेगळी वाचता येतील अशी मधली जागा मोकळी केली. जुन्यासारखं करून टाकलं असतं तर हे कळलंच नसतं, म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

नकाशावाली:
खूप खूप थँक्यू सगळ्यांना! ड्योलगास्ट माहीतच नव्हता. मग फोटो कमी करते आणि एकाच जॉइंटवर बोलते.

ओळंबा:
हो, आणि तो जॉइंट हाताने काढ, 1:5 स्केलला. फट किती रुंद, तिथे प्रकाश कुठून येतो, नवं वजन जुन्या भिंतीवर येतंय की स्वतःच्या पायावर उभं आहे, हे काढताना आपोआप विचारावं लागतं.